नावाचं काम झालं, नावेचं राहिलं

मी नाव बोलतेय. माणसाला हाक मारायला असतं ते नाव नव्हे, पाण्यावर चालते ती नाव. हे आधीच सांगून टाकते, कारण या एका गोंधळापायीच माझ्यावर ही वेळ आली. लोक मला होडी म्हणतात. कागदावर मात्र मी 'शासकीय नाव, क्रमांक चार' आहे म्हणे. पहिल्या तिघी कुठे गेल्या ते मला माहीत नाही. मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मला लिहितावाचता येत नाही. जे काही कळतं ते माझ्यात बसून माणसं बोलतात त्यावरून. पण एक आहे, माणूस जमिनीवर बोलत नाही ते पाण्यावर बोलतो. अलीकडचा काठ सुटला आणि पलीकडचा अजून आला नाही, की त्याची जीभ सैल होते. वीस मिनिटांचा तर रस्ता. वीसच्या वीस मिनिटं गप्प बसलेला माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि त्याची दाढ दुखत होती.

माझा जन्म एका सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. हा सुतार कानानं जरा कमी होता, त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलायचा, माझ्याशीसुद्धा. माझ्या फळ्या त्यानं दोन वर्षं सावलीत वाळवल्या. मग एकेक फळी वाफेवर वाकवली, खिळे मारले, फटींमध्ये सुतळी ठोकली आणि वरून गरम डांबर फिरवलं. सगळं झाल्यावर चार पावलं मागे जाऊन माझ्याकडे बघत बसला.

"बघितलीस का नाव?" तो बायकोला म्हणाला. "कशी देखणी झालीय! जन्मभर साथ देईल ही."

"माझ्याबद्दल असं कधी बोलला नाहीत," बायको म्हणाली.

"आँ?"

"काही नाही. चहा झालाय म्हटलं."

त्याच बाईनं माझं नाव ठेवलं. सबुरी. "तुमच्यात नाही ती हिच्यात तरी असू दे," असं ती म्हणाली, आणि सुतारानं हा टोमणा ऐकू न येताच नुसतं नाव माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बारीक अक्षरांत कोरून टाकलं.

मला न्यायला आला तो नावाडी तेव्हा तरुण होता. सुतारानं त्याला बाजूला घेतलं, म्हणजे शेडभर ऐकू जाईल असं सांगितलं, "हे बघ, लाकूड पाण्याला भीत नाही. कायम पाण्यात राहिलं तरी टिकतं, कायम कोरडं राहिलं तरी टिकतं. रोज भिजायचं आणि रोज वाळायचं, हे ज्या फळीच्या नशिबी येतं ना, ती कुजते. ना धड पाण्यातली, ना धड वरची. तिच्यावर लक्ष ठेव."

नावाड्यानं मान हलवली. मी ते मनात ठेवलं. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं, की सुतार फक्त लाकडाबद्दल बोलत नव्हता. किंवा बोलत असेल लाकडाबद्दलच, पण लागू सगळ्यांना पडत होतं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. तेव्हा सरकार एकच होतं. माझ्या अंगाला दर वर्षी डांबर लागायचं. माणसं यायची, जायची. एकानं माझ्यातून कपाट नेलं, एकानं शिलाई मशीन. एका नवरा-बायकोचं माझ्यात बसून भांडण झालं, ते पलीकडे उतरेपर्यंत मिटलं आणि परत येताना पुन्हा सुरू झालं. नावाडी हसायचा. त्याचे केस काळे होते. मग ते पांढरे झाले आणि लोक त्याला काका म्हणायला लागले. तो माझ्याशी बोलायचा ते 'ती' म्हणूनच. "आज ती जड चालतेय." "तिला डावीकडे ओढ आहे." मला आपलं बरं वाटायचं.

मग वाटणी झाली.

म्हणजे कसं, की थोरलं सरकार म्हणालं, तुमच्या भागाचा कारभार तुम्हीच बघा, आम्ही लांबून किती बघणार? चांगलीच गोष्ट होती. लोक खूश झाले. आपलं काम आता आपल्याजवळ होईल, लांब जायला नको. मीही खूश होते. घर वेगळं झालं, चूल वेगळी झाली, भांडीकुंडी वाटून घेतली. पण वाटणीत एखादं भांडं असं असतं, की ते दोघांनाही पाहिजे असतं आणि घासायला मात्र कुणालाच नको असतं. ते भांडं मी.

ठरलं असं, की नदीचं पाणी थोरल्या सरकारचं आणि दोन्ही काठ धाकट्या सरकारचे. धक्का धाकट्याचा, धक्क्यावरचा खुंट धाकट्याचा, मला बांधायचा दोरही धाकट्याचा. पण दोर सोडला की मी थोरल्याची. दिवसातून बारा वेळा मी सासर-माहेर करायचे म्हणा ना! आणि दोन्हीकडे पाहुणीच.

माझ्या दुरुस्तीला दोघांचं लेखी लागणार, आणि नवी नाव आणायची तर खर्च दोघांनी निम्मा निम्मा करायचा, असाही नियम झाला. दोघांनी मिळून बसायला एक समिती केली. तिला समन्वय समिती म्हणतात. समन्वय म्हणजे काय, असं काकांनी एकदा विचारलं होतं. माझ्यातून रोज ये-जा करणारा एक कारकून आहे, पलीकडच्या कचेरीत कामाला. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात. तो म्हणाला, "काका, समन्वय म्हणजे दोघांनी एकमेकांना 'आधी आपण' म्हणायचं."

"आणि मग जातं कोण आधी?"

"ते अजून ठरायचंय."

आता बाईंबद्दल सांगते.

बाई म्हणजे अलीकडच्या गावच्या शाळेतल्या शिक्षिका. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे माझ्यात बसल्या की भलेभले पाय जवळ घेऊन नीट बसतात. चार वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना पलीकडच्या इस्पितळात जावं लागतं. तिथे एक मशीन त्यांचं रक्त धुऊन परत देतं. चार तास लागतात. उरलेले तीन दिवस त्या शाळेत शिकवतात. रस्त्यानं जायचं तर लांबच्या पुलावरून वळसा आहे, जायलाच अर्धा दिवस. मशीनवरून उतरलेल्या माणसाला ते झेपत नाही. एकदा करून बघितलं होतं, तर घरी पोहोचेपर्यंत त्यांची शुद्ध गेली होती.

त्यांच्या डाव्या हातावर सुई टोचण्यासाठी एक शीर मोठी केलेली आहे. ती आतून सारखी थरथरते. बाई तो हात माझ्या कडेवर ठेवतात, आणि ती थरथर मला लाकडातून कळते. बारीक, एकसारखी, डबीत भुंगा कोंडावा तशी. सोमवारी ती कशी असते, शुक्रवारी कशी, ते मी न बघता सांगेन.

त्यांच्या पिशवीत एक लहानशी बाटली असते. दिवसाला तेवढंच पाणी प्यायची परवानगी. चहूकडे एवढी नदी, आणि बाई झाकणात ओतून घोट घेतात. काका एकदा म्हणाले, "बाई, बघवत नाही हो." बाई म्हणाल्या, "तुम्ही समोर बघून वल्हवा. मला परीक्षेचा कागद चुकवायची सवय नाही आणि तुम्हाला काठ चुकवायची."

तर अशा बाईंच्या बसायच्या जागेखालचीच फळी कुजायला लागली.

तीच ती, ना धड पाण्यातली ना धड वरची. मी रिकामी असले की ती फळी पाण्याच्या वर येते आणि वाळते. माणसं बसली की खाली जाते आणि भिजते. आधी कळलं मलाच. दात हलायला लागला की जिभेला आधी कळतं, तसं. मग काकांना तळात पाणी दिसायला लागलं. त्यांनी चिंधी कोंबली, डांबर लावलं. महिनाभर चाललं. पुन्हा पाणी. फळी बदलायची तर मला पंधरा दिवस काठावर ओढून ठेवायला हवं, आणि दुसरी होडी नाही. पंधरा दिवस म्हणजे बाईंच्या सहा खेपा. तेव्हा नवी नाव यावी, मग जुनीला सोडावं, हाच एक मार्ग होता.

बाईंनी अर्ज लिहिला. तपासणी लागली.

आधी थोरले साहेब आले, पाण्यावरून, त्यांच्या लाँचमधून. मोठे सभ्य गृहस्थ. म्हणाले, "सगळे उतरा, मला तळ बघायचाय." सगळे उतरले. मी हलकी झाले आणि वर आले. साहेबांनी लांब काठीनं माझं पाण्याखालचं अंग सगळीकडे ठोकून बघितलं.

"उत्तम आहे," ते म्हणाले.

"साहेब, ही फळी," काकांनी दाखवलं.

"ही पाण्याच्या वर आहे, काका. वरचं आमच्याकडे येत नाही. वरच्याबद्दल मी लिहिलं तर धाकट्या साहेबांना वाटेल, ढवळाढवळ करतो. आम्हाला त्यांचा मान राखायचा असतो."

आठवड्यानं धाकटे साहेब आले, जमिनीवरून. बरोबर सहा माणसं आणि दोन पेट्या. सगळे माझ्यात बसले, पेट्याही ठेवल्या. मी वीतभर खाली गेले.

"कुठली फळी म्हणता काका?"

"ही बघा. ही... आता पाण्याखाली गेली साहेब."

"मग ती त्यांची झाली."

"तुम्ही सगळे उतरलात ना, की वर येईल ती."

"उतरलो तर तपासणी कशी होणार?" साहेबांनी अगदी मनापासून विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्यांनाही प्रश्न पडला होता.

मी तिथेच होते. ती फळीही तिथेच होती. जरा हात खाली घातला असता तर बोट आत गेलं असतं. पण मी कुणाचा हात धरणार?

तरीही तत्त्वतः मंजुरी मिळाली. तत्त्वतः म्हणजे होकार आहे पण होडी नाही, असं भाऊसाहेबांनी समजावलं. निम्म्या निम्म्या खर्चाचं घोडं अडलं होतं. थोरलं सरकार म्हणे, धाकट्यानं आपला हिस्सा आधी बाजूला काढून दाखवावा. धाकटं म्हणे, थोरल्यानं आधी लेखी द्यावं, मागच्या वेळी आम्ही काढून ठेवला आणि तो पडून राहिला. दोघांचंही खोटं नव्हतं. काका म्हणायचे, "दोन जावा चुलीसमोर उभ्या आहेत. दूध उतू चाललंय दोघींना दिसतंय. ही म्हणते, तिनं ठेवलंय, ती उतरवेल. ती म्हणते, हिच्या जवळ आहे, ही उतरवेल."

"आणि दूध?" बाई म्हणाल्या.

"दूध तुमच्या पायाखाली आलंय बाई. पाय वर घ्या."

असं त्यांचं चालायचं. हसत हसत. बाई पाय वर घ्यायच्या आणि काका डब्यानं पाणी उपसायचे.

दोन वर्षं गेली. मग भाऊसाहेब एक दिवस म्हणाले, "बाई, हातानं लिहिलेले अर्ज आता मागे पडतात. तुम्ही नव्यानं द्या, मी स्वच्छ टाइप करून समितीच्या टेबलावर ठेवतो." स्वभावानं भला माणूस. बाईंनी माझ्यातच बसून, मांडीवर वही ठेवून लिहिलं, आणि काकांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं. "येथील धक्क्यावरील नाव जीर्ण झाली असून ती बदलून मिळावी."

एकच ओळ. बाई म्हणाल्या, साहेबांना दुसरी ओळ वाचायला वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊसाहेब परत येताना खुशीत होते. बाईंचा शाळेचा वार होता, त्या नव्हत्या.

"काका, दिला अर्ज. पण एक गंमत सांगतो, बाईंना सांगू नका. रागावतील. त्यांच्या हातून व्याकरणाची चूक झाली होती! एवढ्या मोठ्या बाई, आजारपणात होतं असं."

"काय चूक?"

"अहो, नाव जीर्ण झाली, ती बदलून मिळावी, असं लिहिलेलं. होडी म्हटलं तर ती. पण नाव म्हटलं की ते. ते नाव. जसं मुलगी ती, पण मूल ते. मी नीट केलं. नाव जीर्ण झाले असून ते बदलून मिळावे. वेलांट्या काढल्या, मात्रा दिल्या."

"तुम्हाला कळतं भाऊसाहेब," काका म्हणाले. त्यांच्यासाठी मी होडी होते. नाव हा शब्द कागदावरचा, तो ती की ते, हे त्यांना कुठून ठाऊक?

मला ठाऊक होतं. मला सुतारानं 'बघितलीस का नाव, कशी देखणी झालीय' असं म्हटलेलं आठवत होतं. मी ती होते. जन्मापासून ती होते. माझ्यातच बसून हा माणूस मला ते करत होता आणि मी त्याला घेऊन निमूट काठाला चालले होते. मला एकदा वाटलं, जरा डोलावं, त्याची टोपी पाण्यात पाडावी, निदान त्याला थांबवावं. पण नावेला स्वतःहून डोलता येत नाही. वारा यावा लागतो. त्या संध्याकाळी वारा नव्हता.

आणि काय सांगू, तो अर्ज सव्वा महिन्यात मंजूर झाला!

दोन्ही सरकारांचं एकमत. समितीच्या एकाच बैठकीत. नाव जीर्ण झालंय, म्हणजे जुनाट वाटतंय, बदलून हवंय, लोकांची रास्त मागणी आहे. खर्च कुणाचाच फारसा नाही. नवं नाव काय द्यावं यावरही वाद झाला नाही. समितीचंच नाव द्यायचं ठरलं. समन्वय.

भाऊसाहेबांनी धक्क्यावरूनच ओरडून सांगितलं, "काका, मंजूर झालं! दोघांच्या सह्या झाल्या!" त्यांनी फक्त सह्या बघितल्या होत्या. काकांनी वल्हं खाली ठेवलं आणि माझ्या कडेवर हात फिरवला. "आता तू सुटलीस बाई," असं मला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी बाईंना घेऊन जाताना सगळी वाट एक जुनं गाणं गुणगुणलं. बाई म्हणाल्या, "काका, सूर चुकतोय, पण चालू द्या."

पंधरा दिवसांनी नवी होडी यायची म्हणून सगळे वाट बघत होते, तर बुधवारी, बाई घरी परतल्यावर, आला एक रंगारी. डबे, ब्रश आणि पुठ्ठ्यात कापलेली अक्षरं घेऊन.

"नवी कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"नवी काय? मला हिच्यावरच काढायला सांगितलंय. वर दोन्ही सरकारांच्या मुद्रा, सारख्या मापाच्या, कुणाची वर नको, कुणाची खाली नको. आणि त्यांच्या खाली नाव, वीतभर उंच."

मुद्रांनी वरची सगळी जागा खाल्ली. नाव खाली आलं, थेट त्या फळीवर. रंगाऱ्यानं आधी नाळेवरचं कोरलेलं 'सबुरी' लांबीनं, म्हणजे भेगा भरायच्या लगद्यानं, बुजवलं. मग अक्षरं पुटपुटत ब्रश चालवला. स झाला, म झाला, न्व झाला. य काढताना तो थांबला. रंग धरत नव्हता. त्यानं अंगठ्यानं दाबून बघितलं आणि अंगठा पेरापर्यंत आत गेला.

तो घाबरून काकांकडे बघायला लागला. "काका, ही फळी गेलीय हो! भिजल्या पावासारखी झालीय. माणसं बसवता हिच्यात?"

दोन वर्षांत ज्यानं बोट घातलं असा तो एकटाच.

"तू लिहून देशील का कुणाला?" काका म्हणाले.

रंगाऱ्यानं अंगठा पुसला. बराच वेळ पुसत राहिला. "मी काय लिहून देणार काका? माझं कंत्राट नावाचं आहे, नावेचं नाही."

मग त्यानं त्या खड्ड्यात लांबी भरली, दुसऱ्या दिवशी परत येऊन य पूर्ण केला, आणि जाताना काकांना एक भरलेला लांबीचा डबा ठेवून गेला. पैसे घेतले नाहीत. बिचारा. त्याच्याकडे दुसरं काय होतं द्यायला?

लगेच पुढच्या दिवशी समारंभ झाला. थोरले साहेब पाण्यावरून आले, धाकटे साहेब जमिनीवरून. फीत कापताना दोघं एकमेकांना "आधी आपण" म्हणाले, मग एकच कात्री दोघांनी मिळून धरली. भाषणात म्हणाले, दोन सरकारांनी ठरवलं तर किती झटपट काम होतं त्याचं ही नाव उदाहरण आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नटून उभी होते आणि आत एक बोट पाणी साठलं होतं.

बाई समारंभाला नव्हत्या. शुक्रवार होता, त्यांना उजाडायच्या आधी, अंधारातच, काकांनी पलीकडे सोडलं होतं. परत येताना त्यांनी माझ्या अंगावरचं नाव वाचलं. मग मुद्रा बघितल्या. मग भाऊसाहेबांकडे बघितलं.

"अर्जाची प्रत आहे?"

भाऊसाहेबांनी खिशातून काढून दिली. बाईंनी ती ओळ वाचली आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच होत्या. भाऊसाहेबांचा चेहरा उतरत चालला. त्यांनाही आता कळलं होतं.

"बाई, मी... मला वाटलं व्याकरण..."

"नाव, स्त्रीलिंगी, म्हणजे होडी. नाव, नपुंसकलिंगी, म्हणजे हाक मारायचं. पाचवीच्या पुस्तकात आहे, भाऊसाहेब. तुमच्या वर्गाला कोण होतं?"

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. "तुम्हीच."

काकांनी वल्हं जरा जोरात मारलं.

"मग चूक माझीच," बाई हळूच म्हणाल्या. "तेव्हा नीट शिकवलं नाही, आता नीट लिहिलं नाही. साधं होडी लिहायचं सोडून शहाणपणा केला, कागदावर आहे तसं लिहिलं. तुम्ही दिलीत मात्रा, पण लागू पडली नाही बघा."

पुढच्या बुधवारी मशीनवरून उतरल्यावर बाई तशाच समितीच्या कचेरीत गेल्या. येताना त्यांची थरथर मला नीट लागत नव्हती, इतक्या थकल्या होत्या. काकांना सांगत होत्या. तिथल्या माणसानं रजिस्टर उघडून दाखवलं म्हणे. मागणी, नाव बदलणे. निकाल, बदलून दिले. शेरा, काम पूर्ण. आणि एकाच धक्क्याची तीच मागणी दहा वर्षं पुन्हा घेता येत नाही. बाई म्हणाल्या, अहो, आम्हाला होडी पाहिजे. तो म्हणाला, होडी तर आहे ना तुमची, समन्वय? आम्ही आलो होतो उद्घाटनाला. छान दिसत होती.

भाऊसाहेबांनी चूक दुरुस्त करायला कागद घातला आहे. त्याला शुद्धिपत्रक म्हणतात. त्याच्यावर दोन्ही सरकारांच्या सह्या हव्यात. थोरले साहेब म्हणतात, चूक धाकट्यांच्या कचेरीत टाइप झाली, आधी त्यांनी सही करावी. धाकटे म्हणतात, बैठकीचे अध्यक्ष थोरले होते, आधी त्यांनी करावी. कागद सहा महिने झाले तिथेच आहे. भाऊसाहेब रोज जाता-येता विचारतात, आणि माझ्यात बसले की न सांगता डबा उचलून पाणी उपसायला लागतात. शर्टाच्या बाह्या भिजतात. बाई त्यांना काही बोलत नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "अक्षर चांगलं होतं हो तुमचं लहानपणी."

आता मी कशी आहे ते सांगते आणि संपवते.

बाकीची माणसं हल्ली माझ्यात बसत नाहीत. काका बसवतच नाहीत. कपाटं नाहीत, शिलाई मशीन नाहीत, भांडणंही नाहीत. काका, भाऊसाहेब आणि बाई, एवढेच. रंगाऱ्याचा डबा संपत आला. य गळून पडला आहे, त्याच्याबरोबर लांबीचा लगदाही. लांबून वाचणाऱ्याला 'समन्व' दिसतं म्हणे. जवळून बघणाऱ्याला भोक दिसतं, पण जवळ येतं कोण?

नदीला वरून पाणी सोडलंय, ओढ आहे. आज सोमवार. काका सकाळी बाईंच्या घरी जाऊन सांगून आले, "आजचा दिवस राहू द्या." बाई पिशवी घेऊन त्यांच्या मागोमागच आल्या. म्हणाल्या, "शनिवार-रविवारचं साठलंय काका, सगळं अंग सुजलंय. मशीन थांबेल, सरकारही थांबेल, पण हे अंग थांबायचं नाही." काकांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अंगातला सदरा काढून त्याचा बोळा भोकात कोंबला.

मी कुणावर रागावले नाही. रागवावं असा माणूस मला सापडला नाही. थोरले साहेब सभ्य, धाकटे साहेब सरळ, भाऊसाहेब भले, रंगारी दयाळू. या सगळ्या चांगल्या माणसांच्या अधेमधे मी आहे. सुतारानं सांगितलं होतंच.

हे ऐकणाऱ्यांत लिहितावाचता येणारं कुणी असेल तर एवढं करा. एक कागद लिहा. दोघांनाही एकाच दिवशी पाठवा, म्हणजे आधी कोण हा प्रश्न येणार नाही. एकच ओळ लिहा. आणि त्यात नाव लिहू नका, होडी लिहा.

काकांनी खुंटावरचा दोर सोडला. आता पलीकडे टेकेपर्यंत मी थोरल्या सरकारची. भाऊसाहेबांनी डबा उचललाय. बाईंनी डावा हात माझ्या कडेवर ठेवलाय, थरथर लागतेय, जरा जोरातच. सदऱ्याचा बोळा भिजून जड झालाय, मला कळतंय, अजून काकांना कळलेलं नाही.

बाई, पाय जरा वर घ्या हो.